शिवायला कावळा नाही

दोन तास झाले तरी वेणा नदीच्या काठावर बापूजींच्या पिंडाला कावळा शिवेना.

नवलच होतं. बापूजी रोज सकाळी परसातल्या कडुलिंबाखाली अर्धी पोळी कुस्करायचे आणि कावळे त्यांच्या पायाशी यायचे. आज दहाव्याला एकही फिरकला नाही.

मग अशा वेळी जे नेहमी होतं तेच सुरू झालं. म्हातारा जिवंत असताना ज्यांनी त्याला पाणी विचारलं नाही, ते हात जोडून वचनं देऊ लागले. धाकटे भाऊ महादेवराव म्हणाले, वाटणीचा दावा मागे घेतो. लेक रीता म्हणाली, आईला काशीला नेते. मेलेल्याला वचन देणं सोपं असतं, तो आठवण करून द्यायला येत नाही. आभाळ रिकामंच राहिलं.

मुलगा गजेंद्र मान खाली घालून बसला होता. कावळा का येत नाही, हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. महिन्यापासून त्याच्या पोल्ट्रीत कोंबड्या मरत होत्या. सरकारी डॉक्टरला कळलं तर सगळं शेड रिकामं करतील, म्हणून तो मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून नाल्यात फेकत होता. बापूजी शेवटपर्यंत ओरडले, पुरून टाक म्हणून. परवा कडुलिंबाखाली अकरा कावळे मरून पडलेले दिसले. तेही त्यानं गुपचूप उचलले. कालपासून शेडवर काम करणारी काजल तापानं फणफणली होती.

"दादाची कायची तरी इच्छा राह्यली बा," महादेवराव म्हणाले.

गजेंद्र उठला. "इच्छा नाई राह्यली काका. कावळेच नाई राह्यले. म्या मारले."

त्यानं सगळं सांगितलं. एकदोघांचे हात चपलेकडे गेले. देवकाबाई, त्याची आई, तेवढी शांत होती. "आता आभाळाकडं काय पाहून राह्यला? काजलले दवाखान्यात ने, अन् ढोरायच्या डॉक्टरले फोन लाव."

दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तपासणीत कोंबड्यांना बर्ड फ्लू निघाला. काजल मात्र वाचली, तिचा ताप साधा होता. शेड रिकामं झालं, खड्ड्यात चुना पडला, नाला उपसला. उन्हाळाभर मेलेले उंदीर गल्लीत सडत राहिले, तेव्हा गावाला कळलं की इतकी वर्षं फुकटात झाडलोट कोण करत होतं.

वर्षश्राद्धाला तीच माणसं वेणेकाठी जमली. गजेंद्र पान ठेवायला वाकला, तोच वरून काळा झपाटा आला आणि भाताचा गोळा हातातूनच गेला. मागून आणखी चार आले. काजल टाळ्या पिटत हसायला लागली आणि तिच्यामागे सगळा घाट हसला.

हात जोडून पुढे आलेले महादेवराव तसेच उभे राहिले. "अरे, मले वचन तर देऊ द्या."

"राहू द्या भाऊजी," देवकाबाई म्हणाल्या. "मागचंच अजून व्हायचं हाये."