पांढरे ग्रीस

“माझ्या डोळ्यांदेखत चाक खोल. आज मी हितून हलनार न्हाई.”

ईश्वरअप्पांनी गॅरेजमधील खुर्ची ओढून जीपच्या पुढच्या डाव्या चाकासमोर मांडली आणि काठी गुडघ्यांत धरून ते बसले. सेलूत त्यांचा शब्द सहसा कोणी मोडत नसे. एका वर्षात त्याच चाकाची बेअरिंग तिसऱ्यांदा गेली होती. चालत्या गाडीतून जात्यासारखी घरघर उठे, आणि ती घरघर आता अप्पांच्या मस्तकात शिरली होती.

“जुना माल टाकायलास तू, शंभू. आपल्यातला मानूस म्हनून इस्वास ठेवला व्हता.”

मेकॅनिक शंभुराजच्या कपाळावरील भस्माचे पट्टे घामाने ओले झाले होते. त्याची कीर्ती चोख कामाची होती. बेअरिंग नांदेडहून मागवावी लागे, म्हणून जीप तो दर खेपेस दोन दिवस ठेवून घेई. परंतु परत देताना ती आतून-बाहेरून धुऊन आरशासारखी लखलखीत करी, आणि धुलाईचे काहीही मागत नसे.

“खोलतो, अप्पा. मालात खोट निघाली तर पुन्यांदा पाना हातात धरनार न्हाई.”

त्याने जॅक लावला. अधांतरी झालेले चाक वर-खाली धरून हलवले. ते खटखट वाजले. हाताने फिरवले, ते घरघरले. मग चाक उतरवून, नट सोडून त्याने चाकामागचा, बेअरिंग बसवलेला हब बाहेर ओढला.

आतील ग्रीस मधासारखे तांबूस असावयास हवे होते. ते ताकासारखे पांढरे झाले होते. शंभुराजने बेअरिंग फडक्याने पुसून अप्पांच्या नजरेपुढे धरली. कडीवरील छाप स्वच्छ व नवा होता. मात्र रोलरांना गंजाचे खड्डे पडले होते, आणि पाणी अडवणाऱ्या रबरी सीलच्या कडेला बारीक वाळू चिकटली होती.

“माल नवाच हाय, अप्पा. पानी शिरलंय. गाडी हब बुडेस्तोवर नदीत घातल्याबिगर असं व्हत न्हाई.”

“नदीत? माझी जीप?”

अप्पांचा आवाज एकाएकी खाली उतरला, आणि त्यामुळेच तो अधिक भयंकर वाटला. काळ्या मातीत रुतू नये म्हणून त्यांनी चारही चाके ओढणारी गाडी घेतली होती. शेताच्या वाटेवर साधा ओढाही नव्हता. परंतु मागे एकदा तलाठ्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितले होते, की दुधना नदीच्या पात्रात चोरट्या वाळूची ट्रॉली ओढताना एक जीप दिसली. रंग तुमच्याच गाडीचा. तेव्हा अप्पा हसले होते.

आता त्यांनी वळून जीपजवळ उभ्या असलेल्या परमेश्वरकडे पाहिले. परमेश्वर त्यांचा ड्रायव्हर. अप्पांच्या मुली त्याच्याच गाडीतून शाळेत गेल्या होत्या आणि त्याच्याच गाडीतून सासरी.

“किल्ली कुनाच्या कमरंला असती?”

“माझ्या.”

“मंग?”

“पोखर्णीच्या नरसिंहाची आन, अप्पा. मी गाडी कदी पान्यात घातली न्हाई. तलाठ्याला कोन्या रोजी दिसली, तेवडं तरी इचारा.”

“रोज काय इचारायचा? चोराला तिथी लागती का?”

“मला चोर म्हनू नका!”

“तवाच म्हनलं, घरकुलाच्या पैशात तुज्या घराला एवडा स्लॅब कसा पडायलाय! माज्या बायकूला, उमादेवीला वयनी म्हनतूस, तिच्या हातची भाकर खातूस, अन् माझीच गाडी वाळूला जुपतूस? हरामखोर!”

परमेश्वरने कमरेची किल्ली उपटली आणि बॉनेटवर आदळली.

“तुमचा पाय मोडला तवा कडंवर कुनी घेतलं? आज वाळूचोर म्हनून काडलं, तर उद्या सेलूत कोन मला स्टेअरिंग धरू दील?”

“बैलगाडीसुदा कुनी देनार न्हाई, असं करतो तुजं!”

अप्पांनी काठी उगारली. शंभुराजने झटकन मध्ये पडून ती धरली.

“अप्पा, जाऊ द्या. लेकराबाळाचा मानूस हाय. काडायचं तर काडा, पर पोलिसात जाऊ नका. उगं बोभाटा व्हईल, तुमचं बी नाव निघंल.”

“तुजं मन लय मोठं हाय, शंभू.” अप्पा धापा टाकत खाली बसले. “अन् मी तुलाच बोललो.”

परमेश्वर दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

“चाकात पानी शिरलं ते निघंल, अप्पा. तुमच्या कानात शिरलं ते निघनार न्हाई.”

एवढे बोलून तो स्टेशनच्या रस्त्याने चालू लागला. त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि अप्पांनीही त्याला हाक मारली नाही.

थोड्या वेळाने अप्पांनी किल्ली उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि शंभुराजच्या तळहातावर ठेवली.

“आता ही तुज्याजवळच राहू दे. गाडी कवा व्हईल?”

“नांदेडवरून माल यायचाय. दोन दिस लागतेल.”

“लागू दे. घाई करू नको.”

अप्पांना घेऊन ऑटो वळणापलीकडे दिसेनासा झाला. शंभुराजने वरच्या फळीवरून बेअरिंगचा कोरा डबा उतरवला, दिवेलागणीच्या आत चाक बसवून घट्ट आवळले, हात पुसले आणि फोन कानाला लावला.

“ट्रॉली नदीवर आना,” तो म्हणाला. “जीप आलीय.”