स्टँडवरचं बॅनर

एसटी शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर वळली आणि महानंदा सीटवरून अर्धी उठली. समोर दहा फुटी बॅनरवर तिची अक्षरा हसत होती: ‘नीटच्या सराव परीक्षेत ५१० गुण! भावी डॉक्टरचे हार्दिक अभिनंदन!’ खाली हार घेऊन नवरा उभा होता, मागं अर्धी गल्ली. लेकीच्या नीटसाठी महानंदा वर्षभर लातुरात खोली करून राहिली होती. क्लासचा मार्कांचा इंग्रजी मेसेज अक्षरा वाचून दाखवी, आणि “किती पडले?” म्हणून नवऱ्याचा फोन आला की महानंदा त्यात शंभर घालून सांगे. आता तिनं शेजारी बसलेल्या लेकीचा दंड घट्ट धरला. “गप ऱ्हा, अक्षरे. तुझे चारशे दहाच हायत. पप्पांच्या बीपीपायी मीच वाढवून सांगितलं.” अक्षरा बॅनरकडं बघतच राहिली. बाहेर हलगी कडाडली. “मम्मी,” ती पुटपुटली, “तू रडशील म्हणून मीबी मार्क वाढवूनच वाचत होते.”