ओला ब्रश

“एवढ्या मोठ्या घोडीला मांडीवर घेऊन दात घासायचे म्हणे. उद्या घासही चावून द्या.”

बाई पुटपुटल्या, पण शेजारच्या खुर्चीतल्या सुनेला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दातांच्या दवाखान्यात समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. त्यात एक आई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याचे दात घासत होती आणि दोघंही विनाकारण हसत होती. सून मुंगीचा सुजलेला गाल तळव्यात धरून बसली होती. मुंगी म्हणजे बाईंची नात, पहिलीतली. गोडाच्या मागे धावते म्हणून मुंगी. कालपासून तिने एक घास चावला नव्हता.

बाईंनी आजूबाजूला नजर टाकली. एक बाप दातांच्या दवाखान्यात बसून पोराला बिस्किट भरवत होता. एक आई फोनवर बोट फिरवत होती आणि तिची लेक चपलेचा पट्टा चघळत होती. असल्यांना पोरं होतातच कशाला, हे बाईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा बाहेर गाडीत बसून होता. त्याला रक्त बघवत नाही. त्याच्याकडून बाईंनी अपेक्षा ठेवणं कधीच सोडलं होतं.

बाई मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होत्या. निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. होस्टेलमध्ये सकाळची घंटा झाली की त्या बेसिनवरच्या फळीपाशी जायच्या आणि ओळीने मांडलेल्या ब्रशांवरून अंगठा फिरवायच्या. ओला म्हणजे दात घासले. कोरडा म्हणजे नाश्ता बंद. सुरुवातीला काही जणी उपाशी वर्गात गेल्या, रडल्या. मग पुढे कधी एकही ब्रश कोरडा सापडला नाही. थंडीत नळाला बर्फासारखं पाणी यायचं, तरी नाही. ही गोष्ट बाई अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

सूनही त्यांनी तिथूनच उचलली. बाकीच्या पोरी अंथरुणात लोळत असताना ही घंटेच्या आधी बेसिनपाशी उभी, ओले हात कपड्यांना पुसत. अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही, असं बाईंनी तेव्हाच ठरवलं होतं. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, फक्त तिला सोडून. ती अजूनही त्यांना आई म्हणत नाही, बाईच म्हणते. आणि घरातही रोज सकाळी तो अंगठा फिरतोच.

आत बोलावणं आलं. डॉक्टर अगदी पोरगेलीशी होती. कालपरवापर्यंत हिचीच कोणीतरी वेणी घालून देत असेल, बाईंच्या मनात आलं. तिने मुंगीच्या तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं.

“ही दाढ काढावी लागेल. आत पू झालाय. बाकीच्या आणखी तीन किडायला लागल्यात, त्या वाचवता येतील. पण सकाळी आणि झोपताना कुणीतरी मोठ्या माणसाने हिचे दात घासायला हवेत. हिच्या हाताला अजून ते वळण नाही.”

“दुधाच्या तर आहेत,” बाई म्हणाल्या. “पडणारच.”

“पडतील, आजी. पण दाढा पडायला अजून काही वर्षं आहेत. तोवर हिने जेवायचं कशाने?”

परक्या तोंडून आजी ऐकायची बाईंना सवय नव्हती. “आमच्या घरी दात रोज घासले जातात. मी जातीने ब्रश तपासते. एक दिवस कोरडा निघालेला नाही. दातच मुळात कच्चे असतील. आईकडून आले असतील.”

सुनेने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

डॉक्टरने वाद घातला नाही. खणातून एक नवा छोटा ब्रश काढून मुंगीच्या हातात दिला. “मला दाखव बरं, घरी कसं करतेस?”

मुंगी खुर्चीवरून उतरली. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी चवड्यांवर उभी राहिली. नळ सोडला. ब्रश धारेखाली धरला, उलटसुलट केला, झटकला आणि तिथल्या पेल्यात नीट उभा करून ठेवला.

“झालं.”

डॉक्टर वाटच बघत राहिली, तेव्हा मुंगीने तिला समजावून सांगितलं, “आता आजी हात लावून बघते.”

हत्यारं मांडणाऱ्या नर्सने घाईने पाठ फिरवली. बाईंनी सुनेकडे पाहिलं. याच नजरेने त्या पूर्वी नाश्ते बंद करायच्या.

“हे तू शिकवलंस हिला?”

“हो.” सुनेने मुंगीला जवळ ओढून घेतलं. “सकाळी ऑफिसची घाई, ही तोंड उघडत नाही आणि बाहेर तुमची पावलं वाजतात. ब्रश ओला असला की झालं. हिची दाढ माझ्यामुळे गेली, बाई. आजपासून मी घासेन, चित्रातल्यासारखं मांडीवर घेऊन.”

“आणि मी तपासेन.”

“नको, बाई. तो अंगठा आता बंद करा,” सून म्हणाली. “होस्टेलमध्ये सगळ्यांचे ब्रश घंटेच्या आधी मीच मगात बुडवून ठेवायचे.”