अनावरणाचा टँकर

लढाईत विमानासकट गेलेल्या उत्तरेश्वरच्या पुतळ्याचं आज गावात अनावरण होतं. बीडहून आठ दिवसांनी आलेला पाण्याचा टँकर रांगेतल्या घागरींपुढून तसाच निघून गेला आणि साखर कारखान्याच्या मैदानावर रिता झाला. मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरनं धूळ उडायला नको, असा चेअरमनचा हुकूम होता.

मंचावर उत्तरेश्वरची आई छबुबाई काही केल्या निवांत बसेना. अंगावर सत्काराची शाल होती, पण सगळा जीव चौकातल्या आपल्या कोरड्या घागरीत अडकला होता.

मंत्री वाकून पाया पडले.

"आई, तुमच्या लेकाचे लई उपकार आहेत आमच्यावर. बोला, मागाल ते देतो."

"जास्त काय न्हाई, सायेब," छबुबाई म्हणाली.



"फुडच्या खेपेला तेवढं येष्टीनं या."