निवडलेले दाणे

अंगणात सूप मांडीवर घेऊन मथुराबाई रेशनचा तांदूळ निवडत होती. खडे केव्हाच निघाले होते. आता ती नखाने तांदळातले जरासे पिवळट, गुळगुळीत दाणे बाजूला सारत होती. ‘प्लास्टिकचे आहेत मेले,’ असं सारं गाव म्हणत होतं. दिवस भरत आलेल्या सुनेच्या पोटात ते जाऊ द्यायचे? मथुराबाई जिवंत असताना तरी नाही. निवडलेली मूठ तिने कोंबडीपुढे भिरकावली.

ओसरीवर नर्सबाईंनी सुनेची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा आवाजच बदलला. “अजून पांढरीफटक! गोळ्या घेतेस ना?”

“पोटात ठरत नाहीत,” सून पुटपुटली.

“इतक्या कमी रक्तात बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. मावशी, हिला खायला काय घालता?”

“भातच. पण दाणा न् दाणा निवडून,” मथुराबाई ठसक्यात म्हणाली. “प्लास्टिक औषधालासुद्धा सापडणार नाही तिच्या ताटात.”

नर्सबाई अंगणात आल्या. सुपाच्या कडेला सारलेले दाणे त्यांनी तळहातावर घेऊन निरखले.

“मावशी, हे प्लास्टिक नाही. रक्त वाढावं म्हणून लोह घालून केलेले दाणे आहेत हे, तांदळात मुद्दाम मिसळलेले. आणि तुम्ही नेमके हेच काढून टाकता?”

मथुराबाईने खाली पाहिलं. पायाशी कोंबडी दाणे टिपत होती, तुरा लालबुंद. ओसरीवर सून खांबाला टेकली होती, ओठ तांदळासारखे पांढरे.

कोंबडीला हुसकून मथुराबाई भुईवर बसली आणि त्याच नखाने मातीतला एकेक दाणा उकरून काढू लागली.