तिसरी हाक

“हरकत घेणारं कोणी आहे का हो?”

वॉर्ड ऑफिसच्या जिन्याशी उभं राहून शिपायाने पहिली हाक मारली. हाक खाली गेली आणि तिकडेच राहिली.

नियम साधा होता. काही बंद करायचं, हलवायचं किंवा पाडायचं असेल तर आधी लोकांचं म्हणणं ऐकायचं. लोक आलेच नाहीत, तर शिपायाने तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेलाही कोणी ओ दिली नाही, की दार लावून घ्यायचं आणि साहेबांनी लिहायचं, ‘कोणाचीही हरकत नाही.’ बाग गेली तेव्हा कोणाची हरकत नव्हती. बसथांबा हलवला तेव्हाही नव्हती. उद्या हे ऑफिसच उचलून समुद्रात बुडवायचं ठरलं, तरी कोणी विचारायला यायचं नाही, असं शिपायाला वाटायचं. त्याला सगळे मामा म्हणत. सुनावणी असली की मामाने सकाळी खुर्च्या मांडायच्या, पुसायच्या आणि दुपारी तशाच कोऱ्या परत रचून ठेवायच्या. वर्षानुवर्षं हेच करून त्याच्या पाठीचा खुळखुळा झाला होता.

आज मात्र विषय त्याच्याच गल्लीतल्या दवाखान्याचा होता. दवाखाना हायवेच्या पलीकडे न्यायचा आणि त्या जागी गाड्या लावायची सोय करायची. मामाच्या बायकोच्या पायाला साखरेमुळे जखम झालेली. भिंतीला धरत धरत ती दवाखान्यापर्यंत जायची, पट्टी बदलून तशीच परत यायची. हायवे ओलांडणं तिला या जन्मी जमणार नव्हतं.

म्हणून मामा घरोघर सांगून आला होता. इस्त्रीवाला म्हणाला, “येतो की, न यायला काय झालं?” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, “अहो मामा, तुम्ही आहात ना आत! मग आम्हाला कशाला काळजी?” सकाळी डबा भरता भरता बायकोने विचारलं होतं, “एवढी वर्षं हाका मारताय. कधी कोणी ओ दिली का हो?”

“नाही.”

“मग आज काय वेगळं होणार आहे? जाऊ दे. बघू पुढचं पुढे.”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच दमली होती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मामाने दुसरी हाक मारली. यावेळी छातीतून. खाली पावलं वाजली तसा तो कठड्यावरून वाकला. आले! शेवटी आले एकदाचे! वर आला तो खालच्या मजल्यावरचा कारकून. “काय मामा, चहा झाला का?” म्हणाला आणि पुढे गेला. मामाला त्याची मान मुरगळावीशी वाटली.

आत साहेब कपाळ चोळत बसले होते. मामाच्या मुलाच्या वयाचे. माणूस वाईट नव्हता. सर्दीने बेजार होते आणि इथून त्यांना आणखी एका सुनावणीला पळायचं होतं, तिथेही बहुधा खुर्च्याच वाट बघत असणार. “उरका मामा,” ते नाक पुसत म्हणाले. “ज्यांचा दवाखाना त्यांनाच पडलेली नाही, तर आपण किती जीव काढायचा?”

मामा पुन्हा जिन्याशी गेला. कठड्यावरून वाकून त्याने रिकामा जिना पाहिला. गल्ली खोटारडी नव्हती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. इस्त्रीवाला काय, बाई काय, सगळे निवांत होते, कारण आपला माणूस आत आहे. आणि आतला माणूस इथे जिन्याकडे डोळे लावून बसलेला, की लोक येतील. ते याच्या भरवशावर, हा त्यांच्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

त्याला भीती वाटली. चांगलीच वाटली. निवृत्ती तोंडावर आलेली. साहेबांसमोर तोंड उघडलं, तर जाता जाता कुठल्यातरी लांबच्या गोदामावर बदली व्हायची. जन्मभर ‘हो साहेब’ म्हणत आलेला माणूस तो. मग त्याला भिंतीला धरून चालणारी बायको दिसली.

“हरकत घेणारं कोणी आहे का हो?”

तिसरी हाक त्याने मोठ्याने मारली. नियमाप्रमाणे थांबला. जिन्यात कोणी नव्हतं. मग त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं आणि आत आला. दार लावून घेतलं नाही. खुर्च्याही रचायला घेतल्या नाहीत. पहिल्या रांगेपाशी गेला आणि साहेबांच्या बरोबर समोरच्या खुर्चीवर बसला. सकाळी त्यानेच पुसलेली खुर्ची. गुडघे कुरकुरले, खुर्चीही कुरकुरली. इतक्या वर्षांत तो या खुर्च्यांवर कधी बसला नव्हता.

साहेबांनी मान वर केली. “दमलात ना मामा? बसा, बसा जरा. मी तोवर लिहून टाकतो.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“दमलोय तर खरंच, साहेब,” मामा म्हणाला. “पण बसलोय हरकत घ्यायला.”