वादळाची मेणबत्ती

भर दुपारी घरात काळोख झाला. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, वीज सकाळीच गेलेली, आणि बाहेर वारा असा पिसाळलेला की छपराचे पत्रे आता उडतात की मग, एवढाच प्रश्न होता. बेनिंग नुसत्या अंदाजाने वडिलांना, तिच्या तातायांना, पेज भरवत होती.

"तोंडात घालतेस की नाकात?" ताताय खेकसले.

बेनिंगला हसूच आलं. न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेले ताताय कितीतरी दिवसांनी तिच्यावर खेकसले होते. धोका टळला, असं डॉक्टरीणबाईंनी कालच तिला दारात सांगितलं होतं. आता त्यांनी खायला हवं आणि मनाने उभारी धरायला हवी, बस्स.

"काहीतरी लाव की गं," कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेली तिया पासिंग म्हणाली. ही तातायांची धाकटी बहीण, बेनिंगची आत्या. "टॉर्चचे सेल गेले, मोबाइल मेला. कपाटात मारियामातेच्या मूर्तीमागे मेणबत्त्यांच्या सणाला फादरने आशीर्वाद दिलेली मेणबत्ती आहे बघ. असल्या वादळासाठीच ठेवतात ती. घरही वाचेल आणि चमच्याला तोंडही सापडेल."

तिया काही चुकीचं सांगत नव्हती. फिलिपिन्समधल्या सामारच्या किनाऱ्यावर वादळ आलं की घरोघरी तीच मेणबत्ती लावतात. बेनिंगने ती काढली, पेटवली आणि पेज दिसावी म्हणून तातायांच्या उशाशी आणली. माणूस हे जग सोडून जायला निघाला की त्याच्या हातातही हीच देतात, हे त्या घाईत तिच्या डोक्यातच आलं नाही.

ताताय ज्योतीकडे बघत राहिले. मग त्यांनी चमचा हलकेच बाजूला सारला.

"राहू दे. पेज फुकट कशाला घालवायची?"

"असं काय करता? आत्ता तर खात होता!"

"डॉक्टरीणबाई काल दारात काय कुजबुजत होत्या, ते आत्ता कळलं."

"तुम्ही बरे होताय, हेच सांगत होत्या! ताताय, ही वादळासाठी लावलीय. विचारा तियाला."

"मीच सांगितलं तिला, मानोय," थोरल्या भावाला समजावत तिया जागची उठली. "देवाशपथ."

ताताय हसले. त्या हसण्यात राग असता तर बेनिंगला बरं वाटलं असतं.

"तुझ्या आईला शेवटच्या घटकेला मीही हेच म्हटलं होतं. बाहेर वारा सुटलाय म्हणून लावलीय गं. तिला खरं वाटलं. निदान मला तरी तसं वाटलं."

त्यांनी मेणबत्तीसाठी हात पुढे केला.

बेनिंग आता आणखी काय सांगणार होती? जे जे सांगावं, ते सगळं त्यांनी आधीच आईला सांगून झालेलं. तिने फुंकर मारली.

"अगं कार्टे!" तिया किंचाळली. "आशीर्वादाची ज्योत विझवलीस?"

काळोखात घर कण्हल्यासारखं करकरलं. तातायांचा हात चाचपडत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. हाताला ताप नव्हता. पकड चांगली घट्ट होती.

"लाव गं, बाळ. उजेडाशिवाय मला वाट कशी सापडायची? आणि प्रभूने तरी मला कसं ओळखायचं?"

"तुम्ही कुठेही जाणार नाही आहात!" बेनिंग रडत ओरडली. "आधी पेज संपवा."

त्यांना असं अंधारात ठेवणंही तिच्याने होईना. शेवटी तिने काडेपेटी शोधली. पहिली काडी मोडली. दुसरी नुसतीच घासली गेली.

"सावकाश," ताताय म्हणाले. "मला घाई नाही."